दूध सोडले, पण गोळ्यांचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दूध, दही, तूप, अंडी, मटण सगळे बंद करून निव्वळ वनस्पतिजन्य, म्हणजे व्हीगन आहार घ्यायचा असे ठरवणारे आता फक्त कॉलेजातले विद्यार्थी राहिलेले नाहीत. मधुमेह, ब्लडप्रेशर, थायरॉइड, किडनीचा विकार, सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) अशी कायमची दुखणी असलेली माणसेही या वाटेला लागली आहेत. कुणाला जनावरांचे हाल पाहवत नाहीत, कुणाला वजन आणि साखर उतरवायची असते. दोन्ही कारणे रास्त आहेत, आणि नीट आखलेला व्हीगन आहार आजारी माणसालाही मानवतो. पण असा आहार सुचवताना एक गोष्ट हमखास सांगायची राहून जाते, म्हणून हे पत्र. कायमच्या आजारात औषधाचा डोस रोजच्या जेवणावर बसवलेला असतो. जेवण बदलले आणि डोस तोच राहिला की हिशेब चुकतो. तो चुकल्याचे कळायला कधी चार दिवस लागतात, तर कधी चार वर्षे.

विदर्भाचे ताट मुळात व्हीगनच्या फार जवळचे आहे. ज्वारीची भाकर, झुणका, पाटोडीचा रस्सा, भरल्या वांग्याची भाजी, अंबाडी, जवसाची चटणी, सकाळचे तर्री-पोहे यांत दुधाचा थेंब नसतो. जनावराचा पदार्थ शिरतो तो ठरलेल्या जागी: चहात, वरणभातावरच्या तुपात आणि उन्हाळ्याच्या मठ्ठ्यात. तुपाचा प्रश्न सोपा आहे. फल्लीचे (शेंगदाण्याचे) किंवा तिळाचे घाणीचे तेल चमचाभर घातले की झाले. बाकी दोन जागी मात्र सांभाळावे लागते.

आधी चहा. थायरॉइडची गोळी (लिव्होथायरॉक्सिन) घेणारे बरेचजण सकाळी गोळी घेऊन अर्ध्या तासाच्या आत चहा पितात. साध्या दुधाचा चहाही गोळीच्या थोडा आड येतो, पण डोस त्या सवयीसकट बसलेला असतो. त्याच चहात आता सोयाचे दूध आले की आतड्यात गोळी आणखी कमी शोषली जाते. दोन महिन्यांनी थकवा, बद्धकोष्ठ, अंगावर सूज दिसू लागते आणि दोष आहाराला दिला जातो. यासाठी सोया सोडण्याची गरज नाही, वेळ पाळावी लागते. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यावी. त्यानंतर तासभर काही नको. सकाळी कोरा किंवा लिंबाचा चहा चालेल, पण तासानंतरच. सोया, कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी या तिन्हींत व थायरॉइडच्या गोळीत किमान चार तासांचे अंतर हवे. आहार बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून डोस पुन्हा ठरवून घ्यावा. त्याआधी तपासण्यात अर्थ नाही, कारण रक्तातली पातळी स्थिरावलेली नसते. याच लोकांनी सैंधव मिठाच्या नादी लागू नये. दूध गेल्यावर आयोडीनचा भरवशाचा स्रोत म्हणून आयोडीनयुक्त मीठच उरते.

सोयाचे दूध घरी करायला अवघड नाही, आणि सोयाबीन तर आपल्याच शेतातले पीक आहे. पण तिथेच एक धोका आहे. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतले बियाणे कधीही खायला वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते, बहुधा रंगही असतो, आणि ते धुऊन जात नाही. खाण्याचे सोयाबीन किराण्यातूनच घ्यावे. १०० ग्रॅम दाणे रात्री भिजवा. एप्रिल-मेमध्ये पाच-सहा तास पुरतात, नाहीतर पाणी आंबते. साली चोळून काढा आणि दाणे गरम पाण्यातच मिक्सरमधून फिरवा. गार पाण्यात वाटले की उग्र वास सुटतो आणि तो नंतर जात नाही. एकूण पाणी साधारण एक लिटर घ्या. मलमलीच्या फडक्यातून गाळा आणि मंद आचेवर ढवळत, उकळी आल्यापासून पंधरा-वीस मिनिटे उकळा. फेस लवकर वर येतो, त्याला उकळी समजून गॅस बंद करू नका. कच्च्या सोयातले द्रव्य प्रथिने पचू देत नाही, ते पुरेसे शिजल्यावरच निकामी होते. या दुधात १०० मिलीला सुमारे तीन ग्रॅम प्रथिने मिळतात, पण कॅल्शियम नगण्य असते. चहात ते फाटते याचे कारण चहाचा आंबटपणा आणि उष्णता. म्हणून चहा वेगळा उकळून गाळावा, मिनिटभर निवू द्यावा, दूध दुसऱ्या भांड्यात कोमट करावे आणि दुधात चहा बारीक धारेने सोडावा. चहात दूध ओतले तर बहुतेक वेळा फाटणारच.

बाजारच्या डब्यांबाबत सावध राहा. बदामाच्या पेयात बदाम अगदी थोडे असतात, प्रथिने पेलाभर पेयात एखादा ग्रॅम. ओटचे पेय करताना पिष्टाची साखर होते, त्यामुळे मधुमेहींची साखर ते लवकर चढवते. डब्यावर 'साखरविरहित' आणि 'कॅल्शियम व बी-१२ घातलेले' या दोन्ही गोष्टी शोधाव्या आणि डबा नीट हलवून घ्यावा, कारण घातलेले कॅल्शियम तळाशी बसते. हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे. त्या ठिपक्याखाली दूध, दुधाची भुकटी, व्हे, केसीन (दुधातली प्रथिने) सगळे चालते. व्हीगनसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली वेगळे चिन्ह ठरवले आहे: हिरव्या रंगातले इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्यावर छोटे रोप.

आता मधुमेह. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ आधीच कमी शोषले जाते. ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्रॅझोलसारखी गोळी असेल तर आणखी कमी. त्यात दूधही सुटले की बी-१२ येण्याची वाटच बंद होते, कारण ते कोणत्याही वनस्पतीत भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात जे असते ते आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही, आणि आंबवलेल्या पदार्थांवरही विसंबू नये. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून पहिली दोन वर्षे सारे छान वाटते. मग तळपायांना मुंग्या येतात, पाय बधिर वाटतात, चालताना तोल जातो. मधुमेही माणूस म्हणतो, 'हे शुगरमुळेच असणार.' आणि तिथेच वेळ जातो. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहू नये. पालेभाज्या आणि डाळींतून फोलेट भरपूर मिळत असल्याने रक्त ठीक दिसते, पण नसांचे नुकसान चालूच राहते. उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही.

म्हणून बी-१२ ची तपासणी बी-१२ ची गोळी सुरू करण्याआधी करून घ्यावी. गोळी चालू असताना आकडा फुगलेला येतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर डॉक्टरांना होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे द्रव्य) तपासण्याबद्दल विचारावे. प्रौढाची रोजची गरज जेमतेम २.२ मायक्रोग्रॅम आहे, मग गोळी ५०० किंवा १५०० ची का, असे लोक विचारतात. पोटातल्या ठरावीक प्रथिनाच्या मदतीने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातात, त्यावरच्या भागातले शंभरातले एखादेच शोषले जाते, म्हणून. इतर आजार नसलेल्या व्हीगन माणसाला रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला एकदा २००० पुरतात. मेटफॉर्मिनवाल्यांचा डोस रिपोर्ट पाहून ठरवावा, आणि आकडा फारच खाली असेल तर आधी इंजेक्शने लागतात.

बी-१२ चे नुकसान सावकाश होते, साखर उतरण्याचे मात्र त्याच रात्री होऊ शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या अनेकांना झोपताना कपभर दूध प्यायची सवय असते. त्या दीडशे मिली म्हशीच्या दुधात पाच-सहा ग्रॅम प्रथिने, दहा ग्रॅम स्निग्धांश आणि थोडी साखर असते, आणि पहाटेपर्यंत तीच माणसाला तारून नेते. दूध बंद केले आणि रात्रीचे इन्सुलिन तेवढेच घेतले, तर पहाटे तीनला घाम, थरथर, गोंधळ. त्या जागी मूठभर, ३० ग्रॅम फुटाणे खावे. प्रथिने तेवढीच मिळतात आणि पिष्ट हळूहळू पचते. पहिले पंधरा दिवस उपाशीपोटी, रात्री झोपताना आणि दोनदा-तीनदा पहाटे तीनला साखर मोजून वहीत लिहावी आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. ७० च्या खाली गेली की तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून प्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साध्या साखरेवर विसंबू नये. ही औषधे साखर फुटूच देत नाहीत, म्हणून घरात ग्लुकोजची पूडच हवी. ब्लडप्रेशरचेही असेच. भाज्या-डाळी वाढल्या, वजन उतरले की प्रेशर उतरते, आणि लघवीची गोळी चालू असेल तर नागपूरच्या मे महिन्यात उठून उभे राहताना अंधारी येते. गोळी स्वतःहून बंद न करता आठवड्याची मोजमापे घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आता मठ्ठा, आणि हा सगळ्यांत धोक्याचा भाग आहे. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की आपल्याकडे मठ्ठ्याशिवाय जेवण उतरत नाही. तो सोडल्यावर लोक 'नैसर्गिक' म्हणून शहाळ्याकडे वळतात. निरोगी माणसाला ते उत्तमच. पण पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. किडनी अधू असलेल्या माणसाच्या शरीरातून ते बाहेर पडत नाही आणि रक्तात चढले की थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला येतो, बऱ्याचदा आधी कोणतीही सूचना न देता. संत्र्याचे तेच. आख्खे एक संत्रे किती दिवसांनी खायचे हे रिपोर्ट पाहून ठरवता येते, पण तीन-चार संत्र्यांचा रस एका पेल्यात उतरतो तेव्हा पोटॅशियमही तेवढ्यांचे उतरते. 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते, ते किडनीच्या रुग्णाच्या घरात नकोच. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही ब्लडप्रेशर-हृदयाची औषधेही पोटॅशियम धरून ठेवतात. कमरख (स्टारफ्रूट) हे फळ तर किडनीच्या रुग्णाने एकदाही चाखू नये. त्यातले विष मेंदूवर जाते आणि उचकी, गोंधळ, झटके येतात.

याचा अर्थ किडनीच्या रुग्णाने व्हीगन होऊ नये असा नाही. उलट डाळी-धान्यांतला फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि आपले आतडे त्यातला निम्म्याहून कमी उचलते. डबाबंद पदार्थांत आणि कोलात घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. म्हणून डब्यावरच्या घटकांत 'फॉस्फेट' शब्द दिसला की तो डबा खाली ठेवावा. कॅल्शियम घातलेल्या सोया पेयांतही ते बरेचदा कॅल्शियम फॉस्फेटच असते. भाज्यांतले पोटॅशियम उतरवायचे तर आलू सोलून बारीक तुकडे करा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका आणि मग फोडणीला घाला. निम्म्याच्या आसपास पोटॅशियम त्या पाण्यात जाते. नुसते भिजवून फारसे काही साधत नाही. डाळ कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवली की सगळे वरणातच राहते. ती उघड्या पातेल्यात जास्त पाण्यात शिजवून वरचे पाणी काढून टाकावे, आणि 'ताकद येते' म्हणून ते पाणी रुग्णाला पाजू नये. मठ्ठ्याच्या जागी ज्वारीचे पीठ पाण्यातच आंबवून केलेली पातळ आंबील बेताच्या मिठात चांगली लागते. पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर तीही त्या मापात धरावी. प्रथिनांचे प्रमाण टप्प्यावर अवलंबून असते. डायलिसिस नसेल तर साधारणपणे किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, डायलिसिस चालू असेल तर १ ते १.२ ग्रॅम. साठ किलोच्या डायलिसिसच्या रुग्णाला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. पोटॅशियम सांभाळून एवढे निव्वळ वनस्पतींतून भरणे अवघड आहे. किडनीच्या आहारतज्ज्ञाशिवाय ते करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किडनी ठीक असलेल्या साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिने लागतात. २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात २०, ६० ग्रॅम कोरड्या डाळीत १३, २५ ग्रॅम सोयावडीत १३, ३० ग्रॅम फल्लीदाण्यांत ७. झाले पूर्ण. डाळीत एक अपवाद: स्वस्त पडते म्हणून लाखोळी रोजची मुख्य डाळ करू नये. तिच्यातल्या ओडॅप या द्रव्याने, तीच डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेल्यास, पाय कायमचे लुळे पडू शकतात. कॅल्शियमची गरज १००० मिलिग्रॅम. अर्धा लिटर दूध सोडले की सुमारे ६०० ची खोट येते आणि ज्वारी ती भरत नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या १०० ग्रॅम पानांत तीनशे. पालकावर भिस्त ठेवू नये, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. मुतखडा झालेल्यांनी तर पालकाचे हिरवे रस टाळावेच.

पालेभाज्यांवरून आणखी एक. हृदयाची झडप बदललेली असते किंवा ठोके अनियमित असतात म्हणून वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना पालेभाजी वर्ज्य नाही, पण ती अचानक वाढणे घातक आहे. चवळाई, मेथी, पालक, मूठमूठ सांबार (कोथिंबीर) यांतल्या व्हिटॅमिन के मुळे औषधाचा जोर उतरतो आणि गुठळी होऊ शकते. नंतर एकाएकी भाजी बंद केली तर रक्तस्राव. रोज साधारण तेवढीच वाटी ठेवावी आणि बदल केल्यापासून आठवड्याच्या आत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) तपासावा. ॲपिक्सबॅनसारख्या नव्या औषधांना हे लागू नाही.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून त्यांच्याविषयी वेगळे सांगतो. त्यांना फॉलिक ॲसिड चालूच असते, त्यामुळे बी-१२ ची कमतरता रक्तात झाकली जाते. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधामुळे तांबड्या पेशी मोठ्या दिसतात, म्हणून पेशींच्या आकारावरूनही ओळखता येत नाही. बी-१२ थेटच तपासावे लागते. आणि 'व्हीगनला लोह कमी पडते' हे ऐकून लोहाची गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) पाहिल्याशिवाय गोळी नको.

शेवटी औषधांच्या दुकानातला प्रश्न. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, कित्येक गोळ्यांत लॅक्टोज असते, डी-३ सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, रक्त गोठू न देणारे हेपरिन डुकराच्या आतड्यातून येते. हे कळल्यावर औषधच बंद करण्याचा विचार मनात येतो. कृपया तसे करू नका. ब्रिटनमधल्या ज्या व्हीगन सोसायटीने १९४४ साली हा शब्द रूढ केला, तिच्याच व्याख्येत 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितके' असे म्हटले आहे. आजचे मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतात, त्याबद्दल शंका नको. बाकीच्यांसाठी फार्मासिस्टला विचारा: याच औषधाची साधी गोळी आहे का? डी-२ किंवा शैवाकापासूनचे (लायकेनपासूनचे) डी-३ मिळेल का? पण कॅप्सूल फोडून पूड घेऊ नका. बऱ्याचदा औषध पोटात नव्हे तर आतड्यात, किंवा हळूहळू सुटावे म्हणून ते कवच आणि त्यातले दाणे तसे केलेले असतात.

सुरुवात करताना पहिला आठवडा ताट तसेच ठेवावे आणि फक्त तपासण्या कराव्या: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम, बी-१२, डी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच. मग पंधरा दिवसांत एकच बदल. आधी चहा, मग तूप, मग दही-मठ्ठा. सगळे एका सोमवारी सोडले आणि साखर उतरली किंवा पोट फुगले, तर कशामुळे ते कळत नाही. क्षयाचे उपचार, केमोथेरपी, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा खालावलेले वजन असेल तर आधी ते पार पडू द्यावे.

संपादक महोदय, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत व्हीगन पाककृती आवडीने वाचल्या जातात. आपल्या पुरवणीत अशा प्रत्येक पाककृतीखाली तीन ओळींची चौकट द्यावी, अशी विनंती आहे: एका वाढणीत प्रथिने किती, पोटॅशियम जास्त आहे का, आणि सोया किंवा पालेभाजी असल्यास कोणत्या गोळीपासून ती दूर ठेवायची. ही माहिती तपासून द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले,
एक आहारतज्ज्ञ व एक फार्मासिस्ट
धरमपेठ, नागपूर